शा आणि च्या

गोव्यात फोंड्याच्या आमच्या घरी दुपारी साडेतीन वाजले की गॅसवर पातेले चढते, आणि पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजायच्या आत चहा उकळून, गाळून तयार असावा, हा नियम माझ्या आईच्या काळापासून कोणी मोडलेला नाही. गेल्या वर्षी मुलीकडे लिस्बनला दोन महिने राहायला निघालो, तेव्हा लोकरीच्या कपड्यांपेक्षा मी चहापुडीची काळजी अधिक वाहिली होती. अर्धा किलोची ती पुडी बाहेरच्या खोलीतल्या टेबलावरच राहिली, हे विमान बदलताना लक्षात आले, तेव्हा परत फिरणे शक्य नव्हते.

पोर्तुगाल हा कॉफीचा देश आहे. लिस्बनमध्ये दोन-तीन घोटांत संपणाऱ्या कडक काळ्या कॉफीला ‘बीका’ म्हणतात. लोक काउंटरपाशी उभे राहून साखरेची पुडी फाडतात, चमचा फिरवतात, कप रिकामा करतात आणि शेजारच्याशी चार शब्द बोलून चालू लागतात. उंच पेल्यातली दुधाळ कॉफी वेगळी आणि निम्मे दूध घातलेली वेगळी, असे तिचे इतके प्रकार आहेत की मुलीने मला ते पाठ करायला लावले. मी मात्र चहाच्या शोधात होतो, आणि मला तो सहज मिळेल अशी खात्रीही होती. ज्यांच्याकडून आपण पाव, बटाटा, साबण आणि चावी घेतली, त्यांना चहा कळणार नाही, असे कोणाला वाटेल?

शब्दाच्या बाबतीत तर ते आपले शेजारीच आहेत. डचांनी चीनच्या फुजियान किनाऱ्यावरच्या बोलीतला ‘ते’ उचलला आणि इंग्रज, फ्रेंच, जर्मन त्यांच्यामागून गेले. पोर्तुगीजांनी दक्षिण चीनमधल्या आपल्या मकाव ठाण्याकडचा ‘चा’ घेतला. आज त्याचा उच्चार ‘शा’ होतो, एवढाच फरक. मी पहिल्याच सकाळी ऐटीत ‘शा’ मागितला. काउंटरमागच्या बाईंनी कोणता, असे विचारून पाच-सहा नावे भरभर म्हणून दाखवली. तिथे गरम पाण्यात पडलेला कोणताही पाला, कोणतेही फूल ‘शा’ होऊ शकते, हे मला माहीत नव्हते. त्या यादीतले ‘लिमांव’ तेवढे मला कळले, म्हणून मान डोलावली. समोर आला तो गरम पाण्याचा कप, त्यात लिंबाच्या सालीचा एक लांब काप. आमच्याकडे घसा बसला की असलेच काहीतरी देतात, फक्त त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

साधा चहा हवा असेल तर ‘शा प्रेतु’ मागायचा, असे मुलीने संध्याकाळी शिकवले. प्रेतु म्हणजे काळा. मराठी कानाला या नावाने जी धास्ती वाटते, ती दुसऱ्या दिवशी पुरती खरी ठरली. स्टीलच्या छोट्या किटलीत कॉफीच्या यंत्रातून काढलेले गरम पाणी आले आणि बशीत, कागदी वेष्टणात गुंडाळलेली चहाची पिशवी. ते वेष्टन फाडून, दोरा सोडवून पिशवी पाण्यात सोडेपर्यंत पाण्याची वाफ ओसरली होती. चहाच्या पानाला खळखळ उकळते पाणी लागते. कोमट पाण्यात ते रंग सोडते, पण जीव सोडत नाही. किटलीच्या तोटीतून निम्मा चहा बशीत सांडला, हे वेगळेच. यात त्या कॅफेला दोष देण्याचे कारण नाही. आमच्याकडच्या भाजी-पावाच्या हॉटेलात कोणी बीका मागितली, तर त्याचे काय होईल, याची मला कल्पना आहे.

गंमत अशी की, इंग्लंडच्या दरबाराला चहाचा नाद लावला तो पोर्तुगालच्याच राजकन्येने. ब्रागांझा घराण्यातल्या कातारिनाचे 1662 साली दुसऱ्या चार्ल्सशी लग्न झाले. चहा इंग्लंडात त्याआधीही पोहोचला होता, पण तो प्रतिष्ठेचा झाला तो या राणीमुळे. तिच्या आंदणात मुंबई बेटही गेले. इंग्रजांना मुंबई आणि चहाची गोडी अशा दोन्ही गोष्टी एकाच सुनेच्या माहेराहून मिळाल्या, आणि माहेर मात्र कॉफी पीत राहिले.

आठवडा काढल्यावर मुलगी मला मार्तिम मोनीश चौकाजवळच्या गल्ल्यांत घेऊन गेली. तिथे बांगलादेशी, नेपाळी, भारतीय अशी दुकाने एकमेकांना खेटून आहेत, आणि आसामच्या दाणेदार चहाचे पुडे तांदळाच्या पोत्यांशेजारी रचलेले असतात. घरी येऊन आले ठेचले, पाणी उकळले, खोक्यातले दूध ओतले. हे दूध महिनोन्महिने फ्रीजबाहेर राहावे म्हणून आधीच भरपूर तापवलेले असते; त्यावर आपल्यासारखी जाड साय धरत नाही आणि त्याचा एक शिजका वास चहाभर पसरतो. तरीही तो कप मी शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.

मग एकदा सुपरमार्केटच्या अगदी खालच्या फळीवर मला पोर्तुगालमध्येच पिकलेला चहा सापडला. लिस्बनपासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर अटलांटिकमध्ये अझोर्स बेटे आहेत. त्यांपैकी साव मिगेल बेटावरच्या संत्र्याच्या बागा एकोणिसाव्या शतकात रोगाने गेल्या, तेव्हा तिथल्या लोकांनी चहा लावला आणि तो कसा करायचा हे शिकवायला 1878 मध्ये मकावहून दोन चिनी जाणकार आणले. तिथला गोर्रियाना हा मळा 1883 पासून चालू आहे. पाकिटावर ‘ऑरेंज पेको’ असे लिहिले होते. चहाच्या या प्रतीचा संत्र्याच्या चवीशी काहीही संबंध नसतो. पण संत्री गेलेल्या बेटावर नावापुरते तरी संत्रे उरले, हे मला बरे वाटले.

ती लांब, वळलेली पाने मी उकळत्या पाण्यात टाकून चार मिनिटे झाकून ठेवली आणि दूध न घालता प्यालो. पहिल्या दिवशी तोंडात काहीच आले नाही, असे वाटले. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यात ओल्या गवताचा, किंचित गोडसर असा वास आहे, हे जाणवले. आणि त्याच वेळी एक अवघड गोष्टही मान्य करावी लागली. जन्मभर मी ज्याला फक्कड चहा म्हणत आलो, त्यात पान म्हणावे असे काही नव्हतेच. आमच्या डब्यात असते ती बारीक भुकटी, आणि तिला चव येते ती दुधाने, साखरेने, आल्याने आणि पातेल्यापाशी उभे राहणाऱ्याच्या हातगुणाने. परमुलखात मी उंची चहा शोधतो आहे असे समजत होतो, आणि शोधत होतो ते घरचे पातेले.

परतताना दोन पाकिटे आणली. साव मिगेलचा चहा कसा करायचा, हे मी वहिनीला नीट सांगितले होते, परंतु साडेतीन वाजता मी अंगणात होतो. तिने नेहमीप्रमाणे आले ठेचून घातले, मापाची साखर आणि दूध घालून पाने खळखळ उकळली आणि कप सर्वांच्या हातात दिले. दादाने एक घोट घेतला, कपात निरखून पाहिले आणि मला विचारले, “च्याची पूड संपत आली आहे काय रे?”