टायर बदलण्याची मजुरी आणि घरच्या कामाचा हिशेब

गेल्या सहा वर्षांत मी मोटरसायकलचे 9 टायर बदलले. त्यांतले दोन दुकानात गाडी नेऊन बदलून घेतले, दोन वेळा चाक घरी काढून फक्त चाक दुकानात नेले, आणि उरलेले 5 टायर घरी स्वतःच्या हाताने चढवले. प्रत्येक वेळचा खर्च मी एका वहीत लिहून ठेवत आलो आहे. घरी काम केल्याने पैसे वाचतात असे ठामपणे सांगणारे बरेच भेटतात, परंतु अवजारे, वाया गेलेले सामान आणि लागलेला वेळ धरून त्यांनी हिशेब केलेला असतो असे मला क्वचितच दिसले, म्हणून माझ्या वहीतला हिशेब येथे मांडत आहे. पैशांचे आकडे प्रत्येकाच्या गावी वेगळे असणार, तेव्हा दुकानात एका चाकाच्या पूर्ण कामाला, म्हणजे चाक काढणे, टायर बदलणे, बॅलन्सिंग करणे (चाकाचा भार सगळीकडे सारखा करणे) आणि चाक परत बसवणे याला जे पैसे पडतात, त्यांनाच मी ‘एक मजुरी’ म्हणणार आहे.

घरच्या कामासाठी मी जी अवजारे घेतली त्यांची किंमत एकूण 8 मजुऱ्या झाली. त्यांत तीन टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटण्याचे दांडे), रिमच्या कडेला ओरखडा पडू नये म्हणून लावायची प्लॅस्टिकची संरक्षक टोपणे, टायर रिमपासून सोडवण्याचे दाबयंत्र, व्हॉल्व्हमधली सुई काढण्याची चावी, गाडी उचलून धरणारा स्टँड आणि टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच नट आवळता येणारा पाना) एवढे सामान आले. स्वतः बदललेल्या 5 टायरांवर 5 मजुऱ्या वाचल्या. पहिल्या दोन प्रयत्नांत दोन ट्यूब फाटल्या आणि रिमची एक पट्टी बदलावी लागली, तो खर्च साधारण एका मजुरीएवढा होता. याप्रमाणे सहा वर्षांनंतरही मी 4 मजुऱ्यांनी तोट्यातच आहे. स्टँड आणि टॉर्क रेंच मात्र चेन, ब्रेक आणि सस्पेन्शनच्या कामालाही सतत लागतात, त्यामुळे त्यांची निम्मी किंमत टायरच्या नावावर टाकणे योग्य नव्हते. ती वजा केली तर तोटा बराच कमी होतो, पण पाचव्या टायरलाही तो पुरता भरून निघत नाही. यात माझ्या वेळेचा एक पैसाही धरलेला नाही. पहिल्या टायरला चार तास लागले होते, आता सव्वा तास लागतो.

मागचा टायर बहुतेक गाड्यांवर पुढच्यापेक्षा लवकर झिजतो. माझ्या चालवण्यात दोन वर्षांत मागचे दोन आणि पुढचा एक असे तीन टायर लागतात. याहून कमी फिरणाऱ्याने केवळ बचतीसाठी अवजारे घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तिघा मित्रांनी मिळून एकच संच घेतला तर मात्र हिशेब पार बदलतो, कारण तेवढ्याच अवजारांवर दोन वर्षांत 9 टायर होतात.

पहिल्या दोन ट्यूब का फाटल्या हे सविस्तर सांगायला हवे, कारण घरच्या कामातला सगळा अनपेक्षित खर्च त्या एका चुकीतून निघतो. टायरची आतली कड, जिला बीड म्हणतात, तिच्यात पोलादी तार असते आणि ती ताणली जात नाही. तिचा घेर रिमच्या कडेपेक्षा लहान असतो. मग ती कड रिमवरून पलीकडे जाते कशी? रिमच्या मध्यभागी एक खोल घळ असते. लिव्हर ज्या बाजूला लावला आहे त्याच्या बरोबर समोरची कड या घळीत उतरलेली असेल, तरच लिव्हरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि कड हलक्या हाताने ओलांडते. मी समोरची कड घळीत दाबलीच नव्हती. टायरचा शेवटचा वीतभर भाग आत जाईना, म्हणून लिव्हर आणखी खोल खुपसून सगळे वजन टाकले, आणि लिव्हरच्या टोकाखाली ट्यूब चिमटली. हवा भरल्यावर ट्यूबवर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा दिसल्या. दुसऱ्या वेळीही अगदी तसेच झाले. तिसऱ्या वेळी समोरच्या बाजूवर दोन्ही गुडघे टेकवून बसलो, कडेला साबणाचे पाणी सढळ हाताने लावले, ट्यूबमध्ये तिचा आकार धरण्यापुरतीच हवा ठेवली आणि लिव्हर दरवेळी दोन बोटांएवढाच पुढे सरकवला. टायर जवळजवळ आपणहून आत सरकला. लिव्हरला जोर लावावा लागतो आहे असे जाणवताच थांबावे आणि समोरची कड पाहावी, हा नियम मी तेव्हापासून कधीही मोडलेला नाही.

1891 मध्ये मिशेलिन बंधूंनी सायकलसाठी सुटा होणारा टायर आणला, त्यापूर्वी हवेचे टायर रिमला चिकटवलेले असत आणि पंक्चर काढायला तासन् तास जात. टायर स्वाराला स्वतःला काढता यावा, हीच त्या सुधारणेमागची गरज होती. ती आठवली की घरी टायर बदलणे हे काही अघटित धाडस नव्हे, हे पटते.

दोन वर्षांपूर्वी मी ट्यूबलेस टायरची गाडी घेतली आणि घरचे काम अधिक अवघड झाले. ट्यूबलेस टायरची कड रिमला फार घट्ट धरून बसलेली असते. ती सोडवण्यातच निम्मी शक्ती जाते. चाक आडवे ठेवताना डिस्कवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, भार येऊ नये म्हणून खाली लाकडाचे ठोकळे द्यावे लागतात, कारण वाकलेल्या डिस्कची किंमत कित्येक मजुऱ्यांच्या घरात जाते. टायर थंड असेल तर त्याच्या बाजूच्या भिंती ताठ राहतात, म्हणून मी नवा टायर आधी तासभर उन्हात ठेवतो. कड बसवताना हवा एकदम आणि भरपूर आत जावी लागते. त्यासाठी व्हॉल्व्हमधली सुई काढून ठेवतो आणि कॉम्प्रेसरने हवा भरतो. हातपंपाने मला ते एकदाही जमले नाही. दोन्ही कडा बसल्याचे दोन मोठे आवाज येतात. ते आले नाहीत म्हणून टायरच्या भिंतीवर छापलेल्या कमाल दाबाच्या पुढे हवा भरत जाणे अत्यंत धोक्याचे आहे. अशा वेळी हवा सोडावी, पुन्हा साबण लावावा आणि नव्याने सुरुवात करावी.

बॅलन्सिंगसाठी वेगळे यंत्र घेण्याची गरज मला भासली नाही. चाक त्याच्या अ‍ॅक्सलवर दोन समान उंचीच्या आधारांवर मोकळे सोडले की जड भाग आपोआप खाली येऊन थांबतो; बरोबर त्याच्या वर, रिमवर, चिकट वजने लावत जायची, आणि चाक कुठेही सोडले तरी जागीच थांबले की काम झाले. नव्या टायरवर पिवळा ठिपका असल्यास तो व्हॉल्व्हशी जुळवून बसवावा, कारण तो बहुधा टायरचा सर्वांत हलका भाग दाखवतो आणि त्यामुळे वजने कमी लागतात. फिरण्याच्या दिशेचा बाण तर आधीच पाहून घ्यावा. टायर उलटा चढला तर सगळे काम पुन्हा करावे लागते.

दुकानाची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. चांगल्या कारागिराचे यंत्र माझ्या सव्वा तासाचे काम वीस मिनिटांत करते, आणि काही चुकले तर नुकसान त्याने सोसायचे असते. मात्र एका दुकानात माझ्या मागच्या चाकाची नट हवेच्या बंदुकीने इतकी आवळली गेली की पुढे वाटेत पंक्चर झाल्यावर गाडीसोबतच्या पान्ह्याने ती हललीच नाही, आणि गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी लागली. त्या वाहनाचे भाडे 3 मजुऱ्या झाले. तेव्हापासून चाक बसवणे मी कोणावरही सोपवत नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकाच टॉर्क लावतो, मागचे चाक असेल तर चेनची ढील पुन्हा तपासतो आणि गाडी हलवण्याआधी ब्रेक काही वेळा दाबून तो घट्ट लागतो याची खात्री करतो.

यामुळेच माझ्या मते बहुतेकांसाठी मधला मार्ग सर्वांत परवडणारा आहे. चाक घरी काढून दुकानात नेले, तर मला एका मजुरीच्या निम्म्याहून थोडे कमीच पैसे द्यावे लागले. त्यासाठी स्टँड, योग्य मापाचे पान्हे आणि टॉर्क रेंच एवढेच पुरते. लिव्हर लागत नाहीत, ट्यूब फाटत नाही, कॉम्प्रेसर नको. शिवाय चाक हातात असताना बेअरिंग बोटाने फिरवून पाहता येते, ब्रेक पॅड किती उरले ते दिसते, आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे, दात एका बाजूला झुकले आहेत का हे कळते. दुकानात नवा टायर घेताना त्याच्या भिंतीवरचे चार आकडेही वाचतो. 3523 म्हणजे तो 2023 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. खूप जुना निघाला तर तो मी नाकारतो.

सध्या माझी वाटणी ठरलेली आहे. पुढचा टायर मी घरी बदलतो, कारण तो अरुंद आहे आणि त्याच्या भिंती मऊ आहेत. मागचा रुंद टायर चाकासह दुकानात जातो, आणि तेथे यंत्रावर चाक चढवले जात असताना मी शेजारी उभा राहतो.