क्रेसाकचा स्वार: जिरेटोप आणि चिलखत झालं

एका जुन्या भित्तिचित्रातला घोडेस्वार मी लाकडी फळीवर गिलावा करून रंगवतोय. घोडा आणि ढाल मागेच झाली होती. आता स्वाराचा जिरेटोप आणि अंगातलं कड्यांचं चिलखतही फळीवर उतरलंय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मूळ चित्र पश्चिम फ्रान्समधल्या शारांत भागात, क्रेसाक इथल्या टेम्पलरांच्या (क्रुसेडमध्ये लढणाऱ्या धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या) चॅपेलमध्ये, उत्तरेकडच्या भिंतीवर आहे. बाराव्या शतकातलं. क्रुसेडर, म्हणजे युरोपातून धर्मयुद्धाला गेलेले ख्रिस्ती स्वार, शत्रूवर तुटून पडलेत. ११६३ मध्ये अल-बुकैया इथे सीरियाचा मुस्लिम शासक नूरुद्दीन याचा पराभव झाला, तीच ही लढाई असं अभ्यासक मानतात.

मला या भिंतीचं वेड लागलं ते शिरस्त्राणांमुळे. वर निमुळतं टोक, नाकावर उतरणारी लोखंडी पट्टी, बाकी चेहरा उघडा. १२२० च्या सुमारास अख्खं डोकं झाकणारा, डब्यासारखा टोप आला आणि चित्रांतून स्वाराचा चेहराच गेला. क्रेसाकच्या काळात चेहरा अजून दिसतो. म्हणूनच या पिढीची शिरस्त्राणं रंगवायला मला जास्त आवडतात.

गिलावा मुरवलेल्या चुन्याचा आणि चाळलेल्या नदीच्या वाळूचा. वरचा थर ओला असतानाच रंग लावतोय. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घट्ट होतो आणि रंगाचे कण त्यातच धरून ठेवतो, वेगळा डिंक लागत नाही. रंग तीनच: गेरू, पिवडी (पिवळी माती), काजळी. तिन्ही चुन्यात टिकतात, आणि मूळ भिंतीवरही मातीच्या रंगांचाच जोर आहे.

ओल्या गिलाव्यावर रेघ खोडता येत नाही. त्यामुळे टोपाची बाह्यरेषा आधी बोथट खिळ्यानं हलकेच दाबून घेतली, आत पिवडीचा पातळ हात दिला, कडेनं गेरू फिरवला. नाकपट्टी मात्र वरून खाली एकाच फटकाऱ्यात. ती रेघ थरथरली असती तर सगळा चेहरा गेला असता. चांगली आली आहे, आणि या टप्प्यात सगळ्यात जास्त आनंद तिनंच दिला.

चिलखतावर बराच वेळ गेला. क्रेसाकला बारीक रेषा पुसट झाल्यात, म्हणून मध्ययुगीन चित्रांत सर्रास दिसणारी पद्धत घेतली: अर्धवर्तुळांच्या ओळी, एका ओळीत तोंड उजवीकडे, पुढच्या ओळीत डावीकडे. ही नुसती नक्षी नाही. खऱ्या चिलखतात प्रत्येक कडी चार कड्यांत गुंफलेली असते आणि एकाआड एक ओळी उलट दिशांना कलतात. चित्रकारानं ते नीट पाहिलेलं होतं. काही जण दोन ओळींमध्ये आडवी रेघही मारत. त्यावरून एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी पट्ट्यांचं चिलखत असा वेगळा प्रकारच मानला होता, पण आज बहुतेक जण ती चित्रकाराची सोय समजतात. मलाही तेच पटतं, म्हणून मी रेघा घेतल्या नाहीत. चार हातांवरून पाहिलं की ओळी एकमेकींत मिसळतात आणि लोखंड अंगावर लोंबतंय असं वाटतं.

पुढची फळी इटलीतल्या पादुआची. तिथल्या सान जॉर्जो प्रार्थनागृहात आल्टिकिएरो या चित्रकारानं लुपी घराण्यातले सरदार गुडघे टेकलेले रंगवलेत. ते काम १३८४ पर्यंत पुरं झालं. लुपी म्हणजे लांडगे, म्हणून त्यांच्या टोपांवर लांडग्याचं मुंडकं. तिथे मातीच्या रंगांवर भागणार नाही, धातूची चकाकी हवी. चांदीचा वर्ख आपल्याकडे सहज मिळतो, पण १४०० च्या सुमारास चित्रकलेच्या तंत्रावर लिहिणाऱ्या चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकारानं बजावून ठेवलंय की चांदी काळी पडते, भिंतीवर तर जास्तच. तिथे कथील वापरा. तेव्हा कथिलाचाच वर्ख, कोरड्या गिलाव्यावर, शिजवलेल्या जवसाच्या तेलानं चिकटवणार. त्याआधी एका तुकड्यावर बासिनेटची (त्या काळच्या टोकदार लोखंडी टोपाची) खालची कडा करून बघायची आहे. गळ्याभोवतीची कड्यांची झालर तिथे छोट्या अडकवण्यांमधून दोरी ओवून बसवलेली असे, आणि त्या अडकवण्या वर्खावर रंगवायच्या की गिलाव्यातच किंचित उठावदार करायच्या, हे त्या तुकड्यावर ठरेल.