अर्धा सूर खाली

नाताळच्या कार्यक्रमाला आमच्या गायनवृंदाकडून सहा कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी, बसवून घ्यायची होती. पाच बसली, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सहावं 'सायलेंट नाइट'. सगळ्यांना पाठच आहे म्हणून मी ते शेवटी घेतलं आणि तिथेच अडकलो.

दुसरं कडवं वाद्याशिवाय म्हणायचं, हा हट्ट माझाच. २४ डिसेंबर १८१८ला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फमध्ये हे पहिल्यांदा गायलं गेलं तेव्हा साथीला नुसती गिटार होती, एवढ्यावरच मला स्फुरण चढलं होतं. निदान गिटार तरी होती, हे सोयीस्कर विसरलो.

सुरुवात काळी पाचला, म्हणजे कीबोर्डवरच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुरावर व्हायची. दुसरं कडवं संपेपर्यंत आम्ही पांढरी सहावर. बरोब्बर अर्धा सूर खाली! तिसऱ्या कडव्याला कीबोर्ड आत आला की दारात बोट चेंगरल्यासारखे सगळ्यांचे चेहरे. दोन आठवडे हेच. मी सोप्रानोंवर, म्हणजे सगळ्यात उंच गाणाऱ्या बायकांच्या गटावर चिडायचो, 'हेवनली' शब्दाचा वरचा सूर पोचत नाही म्हणून. "वर, अजून वर" असं ओरडायचो, त्या ताणून गायच्या आणि आणखी बिघडायचं. शेवटी एका काकूंनी वहीच मिटली. "सर, आम्ही नाही उतरत. खालून जे कानावर येतं, तेच धरतो."

राग आला, पण त्या रात्री चारही गटांचं मोबाइलवर वेगवेगळं रेकॉर्डिंग ऐकलं. काकूंचं खरं होतं. गळती आल्टोमध्ये, म्हणजे सोप्रानोंच्या खाली गाणाऱ्या बायकांच्या गटात होती. आमच्या मांडणीत त्यांना एकाच सुरावर बराच वेळ थांबायचं होतं, आणि दम संपत आला की प्रत्येक वेळी तो सूर केसभर खाली बसायचा. हे रेकॉर्डिंग मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. तुम्ही तरी करा.

मग आल्टोंना सांगितलं, तोच सूर पुन्हा आला की तो नवा समजून, जरासा वरून धरा. आणि श्वास सगळ्यांनी एकदम घेऊ नका. पट्टीही बदलली, पांढरी सात. इतकी वर्षं काळी पाचला गायलेले गळे तिथे आपोआप सैलावतात, अर्धा सूर चढवला की जागे होतात. सोप्रानोंनी कुरकुर केली. करू दिली.

हो, एक राहिलंच. तालमीत बसून गाऊ देऊ नका, आणि वही मांडीवर नको. मान खाली गेली की आवाजही जातो. आणि कीबोर्डवर प्रत्येक ओळ वाजवून देण्याची माझी सवय, ती आधी मोडा. त्यामुळेच कुणी एकमेकांना ऐकत नव्हतं.

कार्यक्रमात दुसरं कडवं संपलं. कीबोर्डवाल्या मुलीने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि पट्टी दाबली. जुळलं. मी ऐकतच राहिलो, तिसऱ्या कडव्याला हाताने इशारा द्यायला एक मात्रा उशीर झाला. बेस, सगळ्यात खालचे पुरुषांचे आवाज, माझ्याशिवायच सुरू झाले होते.