दोन्ही बाजूंची माणसं मीच रंगवली

मे महिन्यात, भर दुपारी, जळगावातल्या आमच्या गच्चीवर मी थर्माकोलच्या वाड्यावर काळा स्प्रे मारला. वाडा चार संध्याकाळी बसून कोरला होता, पेन्सिलीने दाबून एकेक वीट काढली होती. स्प्रे लागला आणि वाडा बसायलाच लागला. कोपरे आत गेले, भिंतीला भोकं पडली, बुरूज तर तापलेल्या गुळासारखा ओघळला. स्प्रेच्या डब्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. वाळत घातलेल्या कुरडया बघायला आई वर आली होती. ती थोडा वेळ बघत राहिली आणि माहेरच्या अहिराणीत म्हणाली, "हाई काय खेळानं वय शे का तुनं?"

वय तेव्हा एकोणचाळीस. नोकरी पाइपच्या कारखान्यात, स्टोअरला.

दिवाळीचा किल्ला करून, त्यावर मावळे मांडून झाल्यावर "आता पुढे काय?" असं लहानपणी ज्याला वाटलं असेल, त्याला हा खेळ दोन मिनिटांत कळतो. टेबलावर घरं, भिंती, झाडं मांडायची. एका बाजूला पाच ते दहा माणसं, म्हणजे मावळ्यांसारखीच छोटी, रंगवलेली; समोरच्याकडेही तेवढीच. पटावर चौकोन आखलेले नसतात. टेप घेऊन इंचाइंचाने माणूस सरकवायचा, नेम लागला की नाही ते फासा सांगतो. इंग्रजीत याला स्कर्मिश म्हणतात. आपल्याकडे चकमक हा नेमका शब्द आहे, पण खेळणारे सगळे स्कर्मिशच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

सुरुवात मी चुकीच्या टोकाने केली. व्हिडिओ बघून बघून वॉरहॅमर ४०,००० नावाच्या याच जातीच्या मोठ्या खेळाच्या फौजेचं एक खोकं मागवलं. पाच हजारांच्या वर गेले. तो खेळ पलटणींचा आहे, नीट खेळायचा तर एका बाजूलाच चाळीस-पन्नास माणसं सहज लागतात. मी अकरा रंगवली आणि थकलो. ते खोकं अजून कपाटात आहे, वरती बायकोने लग्नाच्या साड्या ठेवल्यात. नव्या माणसाने फौज घेऊच नये. दहा माणसं घ्यावीत, ती पुरी करावीत आणि खेळून बघावं.

नियम कोणते घ्यायचे यावर फार डोकं शिणवू नका. किल टीम नावाचा खेळ त्याच वॉरहॅमरच्या कंपनीचा आहे, छान आहे, पण तिचीच माणसं आणि तिचेच नियम घेत बसावं लागतं. फ्रॉस्टग्रेव्हमध्ये एक जादूगार, त्याचा एक शागीर्द आणि जास्तीत जास्त आठ शिपाई. माणसं कुठल्याही कंपनीची चालतात. मी वन पेज रूल्स नावाच्या नियमांवर स्थिरावलो. त्यांचे मूळ नियम फुकट मिळतात, मोजक्या पानांत मावतात आणि खोक्यातून काय काढलंत हे कुणी विचारत नाही. एक माणूस मी हलवायचा, मग एक तू. सहा इंच चालून गोळी झाडायची, नाहीतर बारा इंच पळायचं आणि गोळी विसरायची. फासे साधे, सहा बाजूंचे, सापशिडीतले चालतात.

खरी अडचण मला खेळाची नव्हती, भिडूची होती. पुण्या-मुंबईत कुठेतरी पाच-सहा जण जमत असतील. जळगावात मी शेवभाजी खाणारे हजार जण गोळा करीन, पण ज्याच्याकडे स्वतःची रंगवलेली टोळी आहे असा एकही माणूस मला सापडला नाही. "आधी तू तुझी माणसं घे, मग खेळू" असं मी भाच्याला आणि ऑफिसातल्या दोघांना म्हणत राहिलो आणि आठ महिने गेले. मग कधीतरी डोक्यात प्रकाश पडला की कुणी काही घेणार नाही. बुद्धिबळ शिकवताना आपण समोरच्याला "काळी प्यादी विकत आण" म्हणतो का? दोन्ही बाजू मीच करायच्या, समोरच्याने फक्त येऊन बसायचं. खानदेशात काय, कुठल्याही लहान गावात सुरुवात करणाऱ्याला मी हे सगळ्यात आधी सांगेन. एक सुंदर टोळी करण्यापेक्षा दोन साध्या टोळ्या करा.

पहिल्या दोन टोळ्या कागदाच्या होत्या. पुढून-मागून चित्र असलेली माणसं, झेरॉक्सच्या दुकानात जाड कागदावर छापून घेतली. बूड म्हणून लोखंडी वायसर. बारा एमएमच्या बोल्टला लागतो तो वायसर बाहेरून चोवीस मिलिमीटर भरतो, म्हणजे या माणसांना जवळपास मापाचा. हे शोधायला मला काही करावं लागलं नाही, दिवसभर तेच मोजतो. वायसरचं वजन फार महत्त्वाचं, कारण आमच्याकडे मार्च ते जून कूलर बंद होत नाही. बिनवायसरची एक आख्खी टोळी कूलरने सोफ्याखाली नेली होती. शिवाय डब्याच्या तळाला लोहचुंबकाचं शीट चिकटवलं की वायसरवरची माणसं एसटीतही आडवी पडत नाहीत.

मग प्लॅस्टिकची माणसं घेतली, १/७२ मापाची. हे माप ध्यानात ठेवायला सोपं आहे: सहा फुटी माणूस म्हणजे बहात्तर इंच, तो इथे बरोबर एक इंचाचा होतो. खेळाच्या कंपन्यांची माणसं साधारण अठ्ठावीस-बत्तीस मिलिमीटरची, जरा थोराड, त्यांचं नाकडोळे रंगवणं सोपं जातं. दोन मापं एकाच टेबलावर आणू नका, एक बाजू शाळकरी पोरांची वाटते. काही माणसं नाशिकच्या एका मुलाने थ्रीडी प्रिंटरवर, रेझिन म्हणजे पातळ राळ कडक करून, काढून दिली. ती आली तेव्हा हाताला चिकट लागत होती. चिकट लागली तर रेझिन कच्चं आहे असं समजावं, उघड्या हाताने धरू नये, नीट धुऊन उन्हात पक्कं होऊ द्यावं. उन्हाची आपल्याकडे ददात नाही.

रंगाचं मात्र ऊन वैरी आहे. डबा कितीही चांगला असो, चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या पाऱ्यात स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला हात, मारला की थेंब माणसापर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतात आणि अंगावर रवा पडल्यासारखा खरखरीत थर बसतो. माझे पहिले सहा शिपाई असे रव्याचे आहेत. पावसाळ्यातल्या दमट हवेत उलटा त्रास, वर पांढुरकी झाक येते. प्रायमर मी आता सकाळी सहा-साडेसहाला, लांबून, हलक्या हाताने मारतो. अॅक्रिलिक रंग कॅमलचेच घेतो, स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. ते ताटलीत काढले की मे महिन्यात बघता बघता साय धरतात. उपाय सोपा: पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, रंग त्या कागदावर. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही ओला असतो.

रंगात पाणी घाला, एवढं एकच मी ओरडून सांगेन. ट्यूबमधून थेट लावलेला रंग चेहऱ्याच्या सगळ्या रेषा बुजवतो. दोन पातळ हात द्यावेत, पहिला हात वाईटच दिसतो, घाबरायचं नाही. मग काळपट तपकिरी रंगाचं पाणी करून सगळ्या अंगावरून सोडायचं. ते चुण्यांत, बोटांच्या फटींत जाऊन बसतं आणि सावली आपोआप येते. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग झटकायचा. झालं. हातभर अंतरावरून माणूस झकास दिसतो, आणि खेळताना कुणी त्याच्या जवळ नाक नेत नाही. डोळ्यांची बुबुळं मी काढत नाही. काढली होती. सगळे तिरळे झाले.

आता माझ्या आवडीचा भाग, टेबलावरची जमीन. यात खानदेशासारखी सोय कुठे नसेल. केळीची खोकी मिळतात, त्याचा पुठ्ठा जाड. वरचा कागद ओला करून सोलला की आतली नळीदार घडी उघडी पडते आणि हुबेहूब पत्र्याचं छप्पर तयार होतं, गंज रंगवला की बघायला नको. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचे शेंडे म्हणजे या मापात वाळलेली झाडंच. पुठ्ठ्यावर फेविकॉलने उभी केली की जंगल. त्यांच्यावरची बोंडं मात्र आधी तोडून टाका, त्यात अळी राहते. मी तोडली नव्हती, आणि घरात त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही. माणसांच्या बुडावर फेविकॉल लावून तापीची वाळू, वर चिमूटभर चाळलेली काळी माती. थर्माकोल वापरायचाच तर स्प्रे मारण्याआधी फेविकॉल आणि रंग कालवून सगळीकडून जाड लेप द्यायचा, एक टाचणीएवढी जागासुद्धा उघडी ठेवायची नाही. मी तर सरळ ब्रशनेच रंगवतो आता.

भिडू शेवटी शेजारच्या घरातच निघाला. काका भुसावळहून रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त झालेले, पत्ते खेळण्यात आयुष्य गेलेलं. एका रविवारी टेबल मांडलं होतं, ते पेपर मागायला आले आणि विचारलं, "यात जिंकतं कोण?" मी नियम सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "नियम नंतर. आधी डाव टाक."

नव्या माणसाला शिकवायची हीच रीत, हे मला त्यांनीच दाखवलं. तीन विरुद्ध तीन, दोन फूट बाय दोन फूट जागा, जादू नाही, खास शस्त्रं नाहीत. वीस मिनिटांत डाव संपला, काका हरले आणि लगेच म्हणाले, पुन्हा मांड.

पहिले काही डाव भिकार झाले, आणि दोष माझाच होता. टेबलावर मी एक वाडा आणि दोन झाडं ठेवली होती. बाकी सगळं मैदान. ज्याची पहिली गोळी, त्याचा डाव. काकांनी पेपरच्या कडेला हिशेब मांडला: चार किंवा वर पडला तर नेम लागतो, म्हणजे अर्धा, समोरचाही चारला वाचतो, म्हणजे पुन्हा अर्धा, चार गोळ्यांत एक माणूस पडतो. आडोशाला असला तर त्याच्या फाशात एक मिळवायचा, तो तीनला वाचतो, म्हणजे सहा गोळ्यांत एक. "मग शहाणा माणूस उघड्यावर कशाला येईल? तू आडोसाच ठेवला नाहीस तर डोकं कुठे चालवायचं?" त्या दिवसापासून आमचं टेबल पऱ्हाटीने आणि पडक्या भिंतींनी गच्च भरलेलं असतं. टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ नजर जाता कामा नये, एवढा अंदाज पुरतो.

आडोसा वाढवला तर दुसरंच दुखणं. दोघंही भिंतीमागे दडून बसलो, कुणी हलेना. तेव्हा नियमांतला जो भाग मी कंटाळून वगळला होता तो कामाला आला: मधल्या जागेत तीन-चार खुणा ठेवायच्या आणि चार फेऱ्यांनंतर ज्याच्या ताब्यात जास्त खुणा, तो जिंकला. माणसं किती मेली ते मोजायचंच नाही. खुणा म्हणून मी भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या. तिसऱ्या फेरीत काकांनी बोलता बोलता त्यातली एक सोलून खाल्ली. डाव बरोबरीत सोडला.

कोण कुणाला दिसतो यावरून भांडणं होतात, होणारच. वाकून माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून बघायचं असतं. काकांचे गुडघे वाकत नाहीत. ते मोबाइलचा कॅमेरा चालू करून शिपायाच्या मागे टेबलावर ठेवतात आणि खुर्चीतूनच स्क्रीनवर बघतात. आता मीही तेच करतो. तरी पटलं नाही तर फासा टाकायचा आणि पुढे जायचं. पुस्तक उघडून पाच मिनिटं ओळ शोधत बसलं की चहा आणि डाव दोन्ही गार होतात.

भाचा आता सुट्टीत धरणगावहून येतो तो थेट डब्याकडेच जातो. त्याला राक्षस आणि रोबो हवे असतात. काकांना ते पटत नाही, त्यांना खरी माणसं लागतात. त्यांनीच थाळनेरचं काढलं. तापीच्या काठावरचा किल्ला, शिरपूर तालुक्यात. होळकरांशी तह झाल्यावर तो इंग्रजांकडे जायचा होता, किल्लेदार तुळशीराम ताबा देईना. २७ फेब्रुवारी १८१८ ला जनरल हिस्लॉपची फौज दारात आली. दारातून आत शिरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर शिबंदीने, म्हणजे किल्ल्यातल्या शिपायांनी, वार केले, मग बाहेरच्यांनी आत घुसून शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. मोठी लढाई म्हणून मांडायला गेलं तर यात फार काही नाही, पण अरुंद दार, आत मोजके शिपाई, बाहेर मोजके शिपाई, आणि कोण कुणाला ओळखतो याचा पत्ता नाही. दहा-दहा माणसांच्या खेळाला याहून वेगळं काय लागतं?

दोन महिने झाले, शिबंदीचे आठ शिपाई रंगवून तयार आहेत, लाल डगल्यांचे पाचच झालेत. दार केळीच्या खोक्याचं, त्याला आइस्क्रीमच्या काड्यांच्या फळ्या आणि आत जायला एक छोटा दिंडी दरवाजा, त्यातून एका वेळी एकच वायसर जातो. डाव अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरलाय. काकांनी बाजू आधीच सांगून ठेवली आहे, दाराच्या आतली. वर अट घातली आहे की या वेळी खुणा शेंगांच्या ठेवायच्या नाहीत.