रेडिएशन संपल्यानंतरची वही

स्तनाच्या कॅन्सरसाठीचं शेवटचं रेडिएशन झालं की आपण मोकळे, असं घरातले सगळे धरून चालले होते. मुंबईहून कराडला परतले तेव्हा शेजारीपाजारी भेटून गेले, सासूबाईंनी नवस फेडायचा दिवसही ठरवून टाकला. मला मात्र खरी धाकधूक तिथून पुढे सुरू झाली. केमो चालू असताना सारखं कुणी ना कुणी तपासत होतं, रक्ताचे रिपोर्ट बघत होतं. आता पुढची तारीख थेट तीन महिन्यांनंतरची. मधे काही झालं तर ते ओळखायचं कुणी? मीच ना!

पहिल्या फॉलोअपला वही घेऊन गेले. बाहेर ही गर्दी, आत मिळणार जेमतेम काही मिनिटं. म्हणून सगळ्यात अडलेला प्रश्न सगळ्यात वर लिहिला होता: पेट स्कॅन, म्हणजे अंगात कुठे कॅन्सर आहे का ते बघणारा स्कॅन. नणंदेचं पहिल्यापासून एकच पालुपद, "वहिनी, पैशाकडे बघू नका, दरवर्षी पेट स्कॅन करून टाका." ह्यांनाही ते पटलं होतं. डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघूनच उत्तर दिलं. काही त्रास नसताना पेट स्कॅन किंवा ट्यूमर मार्करची रक्ततपासणी करत राहिल्याने आयुष्य वाढतं असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. उलट काहीतरी बारीकसं दिसतं, मग त्याची बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, आणि शेवटी निघत काहीच नाही. ठरलेली तपासणी एवढीच: पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांनी हाताने तपासणं, पुढची दोन वर्षं ६ ते १२ महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. शिवाय दरवर्षी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे.

बाकी लक्ष माझं मला ठेवायचंय. नवी गाठ, व्रणापाशी काही उठणं, एकाच जागी ठाण मांडून बसलेलं हाडांचं दुखणं, न हटणारा कोरडा खोकला, धाप, विनाकारण वजन उतरणं. गाठ दिसली किंवा धाप लागली तर थांबायचं नाही, पण साधं दुखणं-खुपणं असेल तर दोन आठवडे वाट बघायची. त्यानंतरही राहिलं तर तारखेची वाट न बघता जायचं. या दोन आठवड्यांच्या हिशेबाने मला जेवढी झोप दिली तेवढी कुठल्याच 'पॉझिटिव्ह राहा'ने दिली नाही. (हे वाक्य म्हणणाऱ्यांचा मला आता उघड कंटाळा येतो.)

दुसरं पान गोळीचं. माझी गाठ हार्मोनवर वाढणारी होती आणि पाळी आधीच गेलेली, म्हणून रोज २.५ मिलिग्रॅम लेट्रोझोल, निदान पाच वर्षं. म्हणजे ट्रीटमेंट संपली हे तसं अर्धवटच खरं. या गोळीने सकाळी बोटं आखडतात, गुडघे धरतात. डॉक्टरांनी बजावलं, की सहन होत नसेल तर सांगा, त्याच जातीची दुसरी गोळी देता येते, पण मनाने बंद करू नका. हाडं ठिसूळ होऊ शकतात म्हणून हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व. चालायला लागल्यावर आखडणं थोडं कमी झालं, गेलं नाही.

हात हा वेगळाच विषय. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्यामुळे उजवा हात सुजू शकतो, अगदी काही वर्षांनीसुद्धा. घरात सूज मोजायला टेप कोण काढतंय? माझं माप म्हणजे बांगडी. संध्याकाळी ती नेहमीपेक्षा घट्ट वाटली की फिजिओथेरपिस्टला फोन. भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम अजून चालू आहे. वजन उचलूच नका असं कुणी सांगत नाही, हळूहळू वाढवा म्हणतात. पण भरलेली कळशी उचलायला मी अजून मुलालाच हाक मारते. शाळेत मुख्याध्यापकांना सांगून या वर्षी दहावीचा वर्ग घेतला नाही. फळ्यावर सलग लिहिलं की खांदा भरून येतो.

कागदांची फाईल मात्र मी हट्टाने पूर्ण करून घेतली. ऑपरेशननंतरचा बायोप्सी रिपोर्ट, गाठ कुठल्या प्रकारची ते सांगणाऱ्या ईआर, पीआर, हर टू या तपासण्या, रेडिएशनचा एकूण डोस आणि ते 'लाल औषध', म्हणजे डॉक्सोरुबिसिन, एकूण किती गेलं याची नोंद. ते हृदयावर परिणाम करू शकतं आणि आयुष्यभरात किती घ्यायचं याला मर्यादा असते, त्यामुळे उद्या गावातल्या डॉक्टरलाही तो आकडा दिसला पाहिजे. तपासणीला जाताना रेल्वेची सवलत मिळते, स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण. हॉस्पिटलने भरून दिलेला फॉर्म लागतो. तो घ्यायचा, महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघायचं, सकाळी दादरला उतरायचं. आयकराची जुनी पद्धत घेतली असेल तर उपचाराच्या खर्चावर, साठीच्या आतल्या रुग्णासाठी, ४०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.

वहीत एक प्रश्न अजून अडलाय. आमच्या मावशीलाही हाच आजार होता, त्यामुळे मला जनुकीय तपासणीबद्दल समुपदेशकाला भेटायला सांगितलंय. धाकट्या बहिणीला म्हटलं, तू निदान मॅमोग्राफी तरी करून घे. ती म्हणाली, "ताई, आता दिवाळी होऊ दे, मग बघू." मी तिची अपॉइंटमेंट दिवाळीच्या आधीची घेऊन ठेवली आहे.