कटरची पॉवर वाढवायची की नाही?

आमचं लाकूड कापायचं ४५ सीसीचं कटर (चेनसॉ) जुन्या फणसाच्या खोडात दमतं, म्हणून आज मेकॅनिककडे नेलं. म्हणाला, "दादा, सायलेन्सर मोकळा करतो, पोर्ट (सिलिंडरला हवा आत-बाहेर जायची भोकं) जरा घासतो, मग बघा मशीन!"

मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण सायलेन्सर मोकळा झाला की इंजिन जास्त हवा ओढतं आणि पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोकला वंगणही त्या पेट्रोलातूनच, लिटरला २० मिली ऑईल. कार्ब्युरेटर नीट जुळवला नाही की पिस्टन जाम. वर ठिणग्या अडवणारी जाळीही काढायची म्हणे. ऐन मार्चात, काजूच्या बागेतल्या वाळल्या गवतात? नको रे बाबा.

मग त्यानेच चेन बघितली. दात बोथट, पुढचे गेज (दात लाकडात किती खोल जाईल ते ठरवणारे उंचवटे) उंच. गोल कानशीने प्रत्येक दाताला दोन-तीन हात मारले, सपाट कानशीने गेज उतरवले. ओंडक्यावर टेकवलं, तर मघापर्यंत पिठासारखा पडणारा भुसा जाऊन चक्क ढलप्या उडायला लागल्या!

पोर्टबिर्ट तूर्त रद्द. त्या पैशात जादा चेन घेतली.

फणसासाठी ७० सीसीचं कटर भाड्याने कुठे मिळेल, सांगा रे कुणीतरी.