गाडी मिळते हो, डिझेल कोण भरणार?

आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या आरोग्य केंद्रांच्या मागे बऱ्याचदा एक पांढरी लँड क्रूझर उभी असते. सेव्हन्टी-एट मॉडेल, 4.2 लिटरचं साधं डिझेल इंजिन, मागे एक स्ट्रेचर, नातेवाइकांसाठी बाकडं आणि दारावर देणाऱ्याचं भलंमोठं चिन्ह. गाडी उत्तम आहे, खड्ड्यांना दाद देत नाही. तरी ती उभी असते.

हिशेब करून बघा. जिल्हा रुग्णालय 70 किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन 140. कच्च्या रस्त्यावर ही गाडी शंभर किलोमीटरला साधारण 14-15 लिटर डिझेल पिते. एका खेपेला 20 लिटर झाले. महिन्याला 200 लिटर मंजूर असतील, तर दहा खेपांत महिना संपला, आणि त्यात लस आणायची फेरी, बैठकीला जायची फेरी, पगाराच्या कागदांची फेरी धरलेलीच नाही. तिमाहीचा निधी उशिरा आला की अकराव्या रुग्णाच्या घरच्यांना सांगितलं जातं, "डिझेल तुम्ही भरा." कागदोपत्री सेवा फुकट असते. रात्री अकराला वीस लिटरचे पैसे गोळा करता करता पहाट होते.

म्हणून "रुग्णवाहिका द्या" ही मागणी मला अर्धवट वाटते. गाडी एकदाच घ्यायची असते, डिझेल, टायर आणि ड्रायव्हर रोज लागतात. एकदाच्या खरेदीला फोटो मिळतो, रोजच्या खर्चाला मिळत नाही.

अंतराचा प्रश्न खरा आहे, तो नाकारायचा नाही. 2018 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये सहाराखालच्या आफ्रिकेतल्या सरकारी रुग्णालयांचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ 29 टक्के लोक तातडीचे उपचार देऊ शकणाऱ्या सरकारी रुग्णालयापासून दोन तासांहून जास्त प्रवासाच्या अंतरावर निघाले. पण हे दोन तास निघाल्यापासूनचे आहेत. निघण्याआधीचे तास नकाशात दिसत नाहीत. 1994 मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी बाळंतपणातल्या मृत्यूंबद्दल तीन विलंब मांडले: जायचं ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार सुरू होण्यातला. इतक्या वर्षांनंतरही कुठलीही योजना तपासायला हीच फूटपट्टी पुरते. बहुतेक योजना मधल्या विलंबावर पैसा ओततात आणि उरलेल्या दोन्हींत अडकतात.

गावात गाड्या नसतात असंही नाही. बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, पूर्व आफ्रिकेत जवळजवळ सगळीकडे पोचली आहे. आठवडी बाजाराची पिकअप असते, शेअर टॅक्सी असते. प्रश्न एवढाच की रात्री दोन वाजता त्यातला कोण उठेल आणि का उठेल. नायजेरियातल्या गोंबे राज्यात याचं उत्तर मोटर पार्कवरच, म्हणजे टॅक्सीच्या अड्ड्यावरच सापडलं. तिथले टॅक्सीवाले नॅशनल युनियन ऑफ रोड ट्रान्सपोर्ट वर्कर्स या संघटनेचे सभासद असतात. अडलेल्या बाईला रुग्णालयात सोडणाऱ्या ड्रायव्हरला फार तर इंधनाचे पैसे सुटायचे, पण पुढच्या वेळी पार्कवर त्याला रांगेच्या पुढे येऊन प्रवासी भरता यायचे. ज्यानं तिथे अर्धा दिवस रांगेत काढलाय त्यालाच या बक्षिसाची किंमत कळेल. सरकारच्या तिजोरीतून एक पैसा गेला नाही, आणि ड्रायव्हरचा बुडालेला वेळ त्याला वेळेतच परत मिळाला. मला ही कल्पना फार आवडते.

टांझानियानं दुसरा रस्ता घेतला. तिथली 'एम-मामा' सेवा व्हिक्टोरिया सरोवराच्या पट्ट्यात, सेंगेरेमा आणि शिन्यांगा भागात सुरू झाली आणि 2022 मध्ये देशभर न्यायचं ठरलं. 115 हा फुकटचा नंबर. फोन घेणारा प्रशिक्षित माणूस ठरलेले प्रश्न विचारतो: किती महिने, रक्त जातंय का, झटके आले का, बाळ झालं का. त्यावरून कुठल्या दर्जाच्या केंद्रात न्यायचं ते ठरतं. रुग्णवाहिका जवळ असेल तर ती जाते, नसेल तर नोंदणी केलेला जवळचा ड्रायव्हर. रुग्ण पोचल्याची खात्री झाली की ड्रायव्हरच्या मोबाइलवर पैसे जमा होतात. रोख रक्कम नाही, घासाघीस नाही, आणि महिनाअखेरीची बिलं घेऊन कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणं नाही.

असं काही उभारायचं असेल तर बिघडतं कुठे ते आधी समजून घ्या. भाडं किलोमीटरवर ठेवलं तर प्रत्येक खेपेला वाद होतो. गावागणिक ठरलेला दर लिहून ठेवावा, पावसाळ्याचा वेगळा, कारण तेच अंतर पावसात दुप्पट वेळ खातं. पैसे चोवीस तासांत पोचले नाहीत तर दुसऱ्या खेपेला ड्रायव्हर येतो, तिसऱ्या वेळी त्याचा फोन बंद लागतो. एका गावासाठी एकच ड्रायव्हर नोंदवू नका, किमान तीन ठेवा. एक लग्नाला गेलेला असतो, दुसऱ्याची गाडी गॅरेजात असते. आणि सर्वांत मोठी भीती कुणी उघडपणे बोलत नाही: रुग्ण वाटेत दगावला तर? पोलीस गाडी अडकवतील, गाव दोष देईल. म्हणून नोंदणीच्या वेळीच पोलीस ठाण्यात यादी द्यावी आणि ड्रायव्हरजवळ शिक्क्याचं ओळखपत्र असावं. त्याला एका दिवसाचं प्रशिक्षण पुरतं: रक्त येतंय तिथे दाबून धरणं, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणं, गरोदर बाईला डाव्या कुशीवर ठेवणं, हातमोजे. सलाईन लावायला शिकवण्याच्या भानगडीत पडू नये.

मोटारसायकल रुग्णवाहिकांबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. मलावीतल्या मांगोची जिल्ह्यात तीन केंद्रांवर त्या देऊन पाहिल्या, तेव्हा रुग्ण पुढे पाठवण्यातला उशीर 2 ते 4.5 तासांनी घटला आणि खरेदीची किंमत मोटार रुग्णवाहिकेच्या एकोणिसाव्या हिश्शावर आली. हे आकडे मोहात पाडतात. पण साइडकारची अडचण चालवणाऱ्याला विचारा. कच्च्या रस्त्यावर मोटारींच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पडलेल्या असतात. मोटारसायकल एका चाकोरीत धावते, साइडकारचं चाक मधल्या उंचवट्यावर चढतं आणि रुग्ण सगळी वाट तिरपा प्रवास करतो. मागे ओढायची ट्रॉली घेतली तर तिच्या हुकाजवळचं वेल्डिंग खडबडीत रस्त्यावर तडकतं. दर आठवड्याला तो जोड फडक्यानं पुसून बारीक चिरेसाठी बघायचा, चेनचा ताण बघायचा, साइडकारच्या चाकाचं बेअरिंग हातानं हलवून बघायचं. ओझं जास्त म्हणून क्लच प्लेटा लवकर जळतात, तेव्हा दोन संच केंद्रातच ठेवावेत. सुटे भाग राजधानीतून येणारे असतील तर ती गाडी वर्षभरात भंगारात गेलीच समजा. बाजारात जी बोडाबोडा सर्वांत जास्त धावते तिचंच इंजिन असलेली घ्यावी. पंचवीस-तीस किलोमीटरच्या पुढे मात्र या वाहनाचा हट्ट धरू नये.

जिथे चाकच जात नाही, तिथे नैर्ऋत्य युगांडाच्या डोंगरांत 'एंगोझी' आहे: विणलेली डोली आणि ती वाहणारं मंडळ. घराघरातून वर्गणी, वाहायची पाळी ठरलेली, न येणाऱ्याला दंड. कुठल्याही प्रकल्पाच्या कितीतरी आधीपासून ही माणसं वाहतूक चालवत आली आहेत. त्यांना मोडू नका, त्यांच्या पाळीच्या यादीला फोन नंबर जोडा.

आता गाडी येईपर्यंत काय करायचं ते. इथे एक धडा फार महाग पडला. तीव्र मलेरियात तोंडानं औषध न घेऊ शकणाऱ्या मुलाला गुदद्वारातून आर्टेसुनेटची 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल देतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर एक, तीन ते सहाच्या आतलं असेल तर दोन. अर्ध्या तासात बाहेर आली तर पुन्हा द्यायची. गावातली आरोग्य सेविकाही देऊ शकते, म्हणून मोठ्या आशेनं ती काँगो, नायजेरिया आणि युगांडात वाटली गेली. तिथल्या 'कॅरामल' अभ्यासात मृत्यू घटलेले दिसले नाहीत. कारण औषधात नव्हतं. कॅप्सूल दिल्यावर मूल बरं दिसायला लागायचं आणि घरचे पुढे जायचेच नाहीत, आणि जे गेले त्यांना पोचल्यावर इंजेक्शन आणि पुढच्या गोळ्यांचा पूर्ण उपचार मिळायचाच असं नाही. 2022 च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेनं याचा विस्तार थांबवायला सांगितलं, पुढे अटी घालून पुन्हा वाट मोकळी केली. कॅप्सूल हा उपचार नव्हे, प्रवासाला लागणारा वेळ विकत घेण्याची सोय आहे. ती देतानाच गाडीला फोन गेला पाहिजे.

एक्लॅम्पशियाचंही, म्हणजे गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबातून येणाऱ्या झटक्यांचंही तसंच. झटके आलेल्या बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस आरोग्य केंद्रातच द्यायचा: 4 ग्रॅम शिरेतून, हळूहळू, निदान पाच मिनिटं घेऊन, आणि लगेच दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम खोल स्नायूत. एकूण 14 ग्रॅम. घोळ होतो ॲम्प्यूलवर. 50 टक्क्यांचं 2 मिलिलिटरचं ॲम्प्यूल म्हणजे 1 ग्रॅम, 10 मिलिलिटरचं म्हणजे 5 ग्रॅम. पुरवठा बदलला की खोक्यातला आकार बदलतो आणि भिंतीवरचा तक्ता जुनाच राहतो. शिरेतल्या डोससाठी 50 टक्क्यांचे 8 मिलिलिटर घेऊन त्यात 12 मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालायचं, म्हणजे 20 टक्क्यांचं 20 मिलिलिटर होतं. एका पिशवीत 1 ग्रॅमची 14 ॲम्प्यूल, 20 मिलिलिटरच्या सिरिंजा, पाणी, जागा सुन्न करणारं लिग्नोकेन आणि उताऱ्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट असं एकत्र बांधून ठेवावं. झटके चालू असताना कपाटाची किल्ली शोधत बसण्यात अर्थ नाही. दिलेली वेळ आणि डोस चिठ्ठीवर लिहिला नाही, तर रुग्णालयात तोच डोस पुन्हा दिला जाऊ शकतो, आणि मॅग्नेशियम दुप्पट झालं की श्वास थांबू शकतो.

ऑक्सिजनबद्दल थोडक्यात. गाडीतलं 'ई' आकाराचं सिलिंडर भरलेलं असेल तर 680 लिटर. मिनिटाला 5 लिटर सोडलं तर 136 मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या रस्त्यावर चिखलात एकदा रुतलात की संपलं. पल्स ऑक्सिमीटर लावून 94 टक्क्यांच्या वर राहील इतकंच सोडा. आणि रेग्युलेटर त्याच सिलिंडरला बसतो ना, ते आधी बघा. देणग्यांतून आलेल्या सिलिंडरचं तोंड एका धाटणीचं आणि रेग्युलेटर दुसऱ्या, हे नेहमीचं. मधला छोटा बोडोक वॉशर हरवला तरी गळती होते, त्याचे चार-पाच जादा ठेवावेत.

ड्रोनची चर्चा खूप होते. रवांडात 2016 पासून मुहांगाहून रक्ताच्या पिशव्या ड्रोननं जातात. रस्त्यापेक्षा सरासरी तास-सव्वा तासाहून जास्त वेळ वाचला आणि मुदत संपून वाया जाणाऱ्या पिशव्या 67 टक्क्यांनी घटल्या. काम चोख आहे. पण खाली रक्तगट जुळवणारं आणि रक्त चढवणारं रुग्णालय आहे म्हणूनच. बाळंतीण अजून आरोग्य केंद्रातच असेल तर पिशवी रुग्णालयाच्या अंगणात उतरून तिला उपयोग नाही.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव ही गोष्ट मात्र मिनिटांची आहे. बाईच्या खाली खुणा असलेल्या पिशवीची प्लॅस्टिकची चादर ठेवली की रक्त डोळ्यानं अंदाजत बसावं लागत नाही, डोळा नेहमी कमीच अंदाज करतो. 500 मिलिलिटरची रेघ गाठली की सगळं एकदम: गर्भाशय चोळणं, ते आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत, सलाईन, आणि रक्त येतंय कुठून ते तपासणं. एकेक करून वाट बघायची नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 'ई-मोटिव्ह' चाचणीत 2023 मध्ये या पद्धतीनं गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी घटले. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. फार काळ उष्णतेत राहिलेलं ऑक्सिटोसिन दिलं तर इंजेक्शन दिल्याचं समाधान मिळतं, गर्भाशय हवं तसं आवळेलच असं नाही. जिथे फ्रिजचा भरवसा नाही तिथे तसंच काम करणारं, उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन ठेवावं. ते प्रतिबंधासाठी आहे, स्राव सुरू झाल्यावर नव्हे.

इतकं करूनही थांबलं नाही तर पुढे पाठवताना पायांपासून पोटापर्यंत आवळून बांधायचा निओप्रीनचा, म्हणजे रबरासारख्या जाड कापडाचा सूट कामाला येतो. घोट्यांपासून वर बांधत जायचं. काढताना घाई नको: पुन्हा घोट्यांपासूनच, प्रत्येक पट्ट्यानंतर साधारण वीस मिनिटं थांबून, रक्तदाब 20 नं उतरला किंवा नाडी 20 नं चढली तर परत बांधायचं. हे रुग्णालयातल्या माणसाला माहीत नसेल तर तो पोचताक्षणी सगळा सूट एका झटक्यात उघडतो आणि बाई टेबलावरच कोसळते. म्हणून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात: "काढू नका, आधी सलाईन आणि रक्त."

आणि सूट परत येत नाही. रुग्णालयात तो धुवायला जातो, कपाटात पडतो, तीन महिन्यांनी केंद्राजवळ एकही उरत नाही. यावर एकच उपाय टिकताना दिसतो. प्रसूती कक्षाच्या दारात धुतलेल्या सुटांची पेटी ठेवायची, चावी ड्युटीवरच्या परिचारिकेकडे. ड्रायव्हर एक सूट रुग्णाच्या अंगावर देऊन जातो आणि पेटीतला दुसरा सही करून घेऊनच गाडी वळवतो.